आधीचा आवाज

"थांब. रीना, तू बोलायच्या आधी कोण बोलतं?"

नीलेश सरांनी हे अगदी सहज विचारलं, दिवा कोणी चालू ठेवला असं विचारावं तसं. मी वाक्याच्या मध्ये होते, एक हात अर्धा उचललेला, आणि तो खाली घ्यावा की तसाच ठेवावा ते कळेना. कोणी नाही सर, असं काहीतरी म्हणाले. "आहे," ते म्हणाले. "प्रत्येक वाक्याआधी तुझी मान डावीकडे कलते, जराशी. तू आधी ऐकतेस, मग बोलतेस. कोण आहे तिकडे?" तिकडे भिंत होती. भिंतीवर कॉलेजच्या कुठल्याशा स्नेहसंमेलनाचा फाटका फलक होता आणि त्याच्याखाली माझा वर्गमित्र अंकुश मांडी घालून बसला होता. त्याने उगीचच मागे वळून भिंतीकडे पाहिलं आणि सगळे हसले. मीही हसले. आत मात्र असा संताप झाला की हातात काही असतं तर फेकून मारलं असतं. राग सरांचा नव्हता. चोरी पकडल्यासारखं झालं होतं, आणि चोरी मी केलीच नव्हती.

आम्ही नाट्यशास्त्राच्या शेवटच्या वर्षाची मुलं. विभाग नागपूरला, पण प्रगत अभिनयाचं हे महिन्याभराचं शिबिर यंदा भंडाऱ्यात होतं, एका कॉलेजच्या हॉलमध्ये. सर मूळचे पवनीचे, विणकरांच्या घरातले. दिल्लीकडे शिकून आले तरी नट घडवायचा तर त्याला आधी मॉलपासून लांब न्यावं असं त्यांचं मत. वर्गात ते शुद्ध बोलतात. चिडले की "काहून बे" म्हणतात, आणि मग आम्हाला बरं वाटतं. तर सकाळी श्वास, मग कणा, मग डोळे मिटून हातात नसलेलं संत्रं सोलायचं. गेटाबाहेर हातगाडीवर ढीगभर संत्री, आणि आत आम्ही वीस-बावीस घोडे हवेतली सालं काढून हवेत टाकतोय. यात मी पटाईत होते. संहिता द्या, संत्रं द्या, मी करून दाखवते. पण बिनसंहितेचं काही आलं की माझं गाडं अडायचं. त्या दिवशीच्याच सरावात अंकुश माझा नवरा झाला होता, घर सोडून निघाला होता, आणि मी त्याला थांबवायचं होतं. मी नुसती उभी. तो दारापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला, आणि शेवटी कुजबुजला, "बोल ना वो. यष्टीची वाट पाहून राहिली का?" मग मी जे बोलले ते कुठल्यातरी जुन्या नाटकातलं निघालं, आणि तिथेच सरांनी थांबवलं.

कोण आहे तिकडे हे मला ठाऊक होतं. बाबा होते. माझे बाबा, तेजराम, झाडीपट्टीच्या नाटकांत प्रॉम्प्टर आहेत. आहेत म्हणायचं की होते, हे त्या आठवड्यात ठरायचं होतं. दिवाळीनंतर धान घरात आलं की आमच्याकडे गावोगाव नाटकं लागतात, आणि कंपनीचं आज एक नाटक तर उद्या दुसरं. पाठ कोण करणार, केव्हा करणार? नट उभे राहतात आणि विंगेत बसलेला माणूस त्यांना वाक्य देतो. एक वाक्य, मग दुसरं, पहिल्या घंटेपासून भरतवाक्यापर्यंत. लहानपणी शाळेला सुट्टी असली की बाबा मला सोबत न्यायचे आणि मी त्यांच्या खुर्चीशेजारी कपड्यांच्या पेटीवर पडून असायचे. मला सगळं दोनदा ऐकू यायचं. आधी बाबांच्या तोंडून, कोरं. "अरे नराधमा, माझ्या बहिणीच्या कुंकवाशी खेळलास." बाजाराची यादी वाचावी तसं. मग रंगमंचावरून तेच वाक्य गर्जत यायचं, लोक टाळ्या मारायचे. हे असं सपाट का वाचता, असं मी एकदा विचारलं होतं. "रंग नटाचा असते," ते म्हणाले. "आपण शब्द द्याचा, कोरा. आपण रडलो तं तो का करन?"

हे त्यांनी इतकं पाळलं की घरीही तसेच बोलायला लागले, किंवा आधीपासून तसेच होते म्हणून हे काम जमलं, मला सांगता येणार नाही. माझी आजी गेली तेव्हा बाबा दवाखान्यातून आले, चपला काढल्या आणि आईला म्हणाले, "धुरपता, माय गेली." बस्स. आणि आई उंबऱ्यावर बसून असा टाहो फोडून रडली की गल्ली जमा झाली. मला तेव्हा ते अगदी रीतसर वाटलं होतं. बाबांनी वाक्य दिलं, आईने रडून दाखवलं. माझा दहावीचा निकाल आला, "पोरगी पास झाली," आणि नाचली आई. मी नाट्यशास्त्राला जाते म्हणाले तेव्हा ते बराच वेळ तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत राहिले आणि म्हणाले, "जा." त्या एका अक्षराचा अर्थ लावत मी नागपूरच्या होस्टेलवर किती महिने काढले. खुशीने जा, की आता जायचंच म्हणतेस तर जा, की जा एकदाची? एखाद्या माणसासोबत वीस-बावीस वर्षं एका छपराखाली राहावं आणि तो आपल्यावर खुश आहे की नाही हे त्याच्या आवाजावरून कळू नये, याचा मला राग येतो. फार येतो. आणि रागाखाली जे आहे ते रागाहून वाईट आहे. मला त्यांच्याकडून एक वाक्य हवं होतं, रंगासकट, माझ्यासाठी.

आता त्या वाक्याला मुदत लागली होती. घशाचा कॅन्सर, स्वरयंत्र काढावं लागेल, असं माझ्या भावाने, जीवनने, फोनवर सांगितलं होतं. बुधवारी नागपुरात भरती, गुरुवारी ऑपरेशन. "जीव वाचते म्हणतात डॉक्टर. आवाज नाई वाचत." जीवन एका कारखान्यात कामाला आहे, व्यवहारी माणूस. मागच्या रविवारी घरी जाऊन त्याने बाबांचा आवाज फोनमध्ये भरून घेतला, "जीवन, ऊठ रे, ड्यूटीचा टाइम झाला," आणि तो गजर म्हणून लावला. मलाही पाठवला. मी तो पुन्हा पुन्हा ऐकला. तेच कोरं वाक्य, आता वरून खरखर. पण जीवनला निदान त्याचं नाव घेऊन एक वाक्य मिळालं होतं, आणि मी इथे हवेतलं संत्रं सोलत बसले होते. तू पण काहीतरी बोलवून घे, जीवन म्हणाला. बोलवून काय घेऊ? मीच वाक्य लिहून द्यायचं आणि त्यांनी ते वाचायचं? मग ते त्यांचं कसं?

सरांना मी बाबांचं काही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर ते चांगल्या मनाने म्हणाले असते, हे वापर. आम्हाला सगळं वापरायला शिकवलं होतं, मेलेलं कुत्रं, पहिली मारहाण, आईचा पदर. मंगळवारी संध्याकाळी शिबिराचं शेवटचं सादरीकरण होतं, परीक्षक बाहेरचे, एकाच दिवसापुरते येणारे. त्यातून विभागाच्या नाटकमंडळीत कोणाला घ्यायचं ते ठरणार होतं आणि माझी दोन वर्षांची पोटापाण्याची सोय त्यावर होती. प्रत्येकाला वेगळं काम. माझ्या वाट्याला सरांनी मुद्दाम दिलं होतं ते असं: संहिता नाही, सोबतीला कोणी नाही, रिकामा रंगमंच, आणि मी. "त्या डावीकडच्या माणसाला घरी ठेवून ये," ते म्हणाले. विनोदच होता, पण मी तो शब्दशः घेतला. मंगळवारी सकाळी त्यांची परवानगी काढली, दुपारी परत येते म्हणाले, आणि घरी जायला लाखनीची बस धरली.

बसमध्ये काही केल्या चित्त लागेना. कारध्याचा पूल गेला, खाली वैनगंगा रेतीत रुतून बसलेली. धानाच्या बांध्यांमध्ये लाखोळीचं पीक फुललेलं, निळं. एरवी मला हे बघायला आवडतं. त्या दिवशी खिडकीतून बघता बघता मी मनात संध्याकाळची तालीम करत होते, मध्येच थांबून स्वतःलाच शिव्या देत होते, आणि शिव्यांचासुद्धा सूर बरा लागतोय का ते ऐकत होते. हा रोग आहे. शिबिरात शिकवतात की माणसं बघा, टिपा, साठवा, आणि मग सुट्टी मिळत नाही. बाबा पहिल्यांदा खरखरत्या आवाजात बोलले तेव्हा माझ्या छातीत धस्स झालं, आणि त्याच क्षणी आत कोणीतरी नोंद घेतली की आवाज घशाच्या मागच्या बाजूने येतोय, हनुवटी पुढे येते आहे. मी त्यांना भेटायला निघाले होते की गोळा करायला? पुढच्या सीटवरच्या बाईने मागे वळून विचारलं, "बरी हायेस ना वो?" तेव्हा कळलं की माझे ओठ हलत होते. बरी आहे म्हणाले आणि तोंडावर ओढणी घेतली.

घर हायवेच्या मागच्या गल्लीत. ट्रकांचे हॉर्न घरात असे येतात की पाहुण्यांना बोलताना थांबावं लागतं, आम्हाला सवय आहे. बाबा ओसरीत खाटेवर बसले होते, आंघोळ झालेली, पांढरा शर्ट, जसं काही आजच निघायचंय. आई दवाखान्याची पिशवी भरत होती. स्टीलचा गिलास, चादर, दोन टॉवेल, बाबासाहेबांचा छोटा फोटो. भरायची, काढायची, पुन्हा भरायची. "आली का," बाबा म्हणाले. आली, मी म्हणाले. मी पाणी प्यायले. आईने पोहे केले, ते खाल्ले. बाबांना गिळताना त्रास होत होता, मी बघू नये म्हणून ते भिंतीकडे तोंड करून चहा पीत होते. मी येताना मनाशी चार-दोन वाक्यं जुळवली होती, बाबा, तुम्हाला माझ्याबद्दल काय वाटतं, या धर्तीची. ती तोंडात आणून बघितली. एवढी नाटकी वाक्यं मी कुठल्या नाटकातही म्हटली नव्हती. तास गेला असेल, दीड गेला असेल. आईने विचारलं, "कितीच्या गाडीनं जातं?" तीनच्या, मी म्हणाले. उठून पायांत चपला शोधायला लागले, उगीच, अजून वेळ होता.

"मले भेव लागते," बाबा म्हणाले.

कोणाकडे बघून नाही. पिशवीकडे बघत, अर्ध्या आवाजात, कोरं. आणि मी, चपलेत एक पाय घातलेली, मान डावीकडे कलली असणारच, तोंड उघडलं आणि म्हणाले, "मले भेव लागते."

मोठ्याने. पूर्ण आवाजात, पोटातून, महिनाभर श्वास शिकलेल्या पोटातून. मला कळायच्या आत ते वाक्य ओसरीभर झालं होतं. लहानपणापासून ज्या माणसाच्या तोंडून कोरी वाक्यं ऐकली आणि ती कोणीतरी म्हणायचीच असतात हे शिकले, त्याने एक वाक्य दिलं होतं आणि मी ते उचललं होतं. लाजेने मेले मी. एक मरणाला घाबरलेला माणूस, आणि त्याची पोरगी त्याची नक्कल करते! आईच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. मी बाबांकडे बघायला धजत नव्हते. बघितलं तर ते माझ्याकडेच बघत होते, आणि त्यांनी मान हलवली, अगदी थोडी. नटाने वाक्य नीट घेतलं की विंगेत बसून हलवायचे तशी.

मग त्यांनी पुढचं दिलं. "सारी झाडी हिंडलो मी. धुरपता, तुले कधी सोबत नेलं नाई."

मी ते म्हटलं. म्हणताना "धुरपता"वर माझा आवाज आपोआप खाली आला, आणि मला कळलं की तो तिथे खालीच यायला हवा होता. आईने उत्तर दिलं ते मला, माझ्याकडे बघून. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडाने म्हणत होती, "नेलं नाई तं नाई जी. मले कुठं एवढं जागणं होते? झोपच लागली असती." बाबा हसले असावेत, खांदे हलले. पुन्हा श्वास घेतला. श्वास घेतला की घशात काहीतरी घासत होतं. "आता मले तुले आवाज नाई देता येणार. तू मधामधात येऊन पाहून जात जाजो. मी बलावलं नाई म्हणून येऊ नोको, असं नोको करू." हे वाक्य मोठं होतं आणि मला ते अर्ध्यावर सोडून द्यावंसं वाटत होतं, पण वाक्य सोडता येत नाही. म्हटलं पूर्ण. आई उठली, पिशवी ओलांडून आली. इतका वेळ ती माझ्याशी बोलत होती, आता बाबांच्या पायाशी खाली बसली आणि त्यांच्या गुडघ्यावर कपाळ टेकून रडली. बाबांचा हात तिच्या डोक्यावर गेला. असं मी आमच्या घरात आधी कधी पाहिलं नव्हतं. आत नोंद घेणारं जे कोणी होतं ते गप्प होतं, किंवा मी त्याच्याकडे लक्ष देत नव्हते.

"रीना," बाबा म्हणाले, "आज नोको जाऊ."

माझं तोंड उघडलं. आणि मिटलं. हे मी कोणाला म्हणणार? ओसरीत आम्ही तिघंच. हे वाक्य ज्याच्यासाठी होतं ती मीच होते, आणि कोरं होतं तरी माझं नाव घेऊन आलं होतं. संध्याकाळचा रंगमंच डोळ्यांसमोर आला, परीक्षकांच्या खुर्च्या, घड्याळाकडे बघणारे सर. एकच दिवस, दुसरा मिळणार नाही. हे सगळं मला दिसत होतं. बाबा थांबले. नटाने वाक्य घेतलं नाही तर प्रॉम्प्टर एक श्वासभर थांबतो, नंतर तेच वाक्य पुन्हा देतो, जरा वर चढवून. "रीना, आज नोको जाऊ." आवाज फाटला. आईने डोकं वर करून आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. मी काही म्हटलं नाही. त्यांना वाटलं असणार की मला ऐकू आलं नाही, की नट अडकला आहे आणि सगळं कोसळणार आहे. ते खाटेवरून पुढे वाकले, तोंडाशी हात नेला, आणि तिसऱ्यांदा म्हणायला लागले, आणि वाक्य त्यांच्या हातून सुटलं. "नोको जाऊ वो," ते म्हणाले. "नोको जाऊ, बाई. परवापासून मी बोलणार नाई तुह्याशी."

रडत होते ते. सरळ, उघड, शेंबूड येईपर्यंत.

"नाई जात, बाबा," मी म्हणाले, आणि चपलेतला पाय काढला. खाटेवर त्यांच्या शेजारी बसले. त्यांच्या अंगाला साबणाचा आणि चुन्याचा वास येत होता. आईने पदराने त्यांचं नाक पुसलं, स्वतःचंही. बाहेर एक ट्रक गेला, तो पूर्ण जाईपर्यंत आम्ही थांबलो. मग बाबांनी माझ्याकडे पाहिलं, जरा घाबरूनच, आणि विचारलं, "का बोलू?" आपण काय बोलावं, हे इतक्या वर्षांत त्यांनी कोणाला विचारलं नसेल. मला दहा वाक्यं सुचली, त्यातलं हवं ते देता आलं असतं. माझ्याबद्दल बोला, म्हणता आलं असतं. मी एकही दिलं नाही. मग त्यांनी घसा साफ केला, तो साफ होत नव्हता, आणि म्हणाले, "तुमच्या तिथं भंडाऱ्याले जेवाले नीट देतात का?"

"कुठं नीट," मी म्हणाले. "वरण पाण्यासारखं पातळ राह्यते."

"काहून?" बाबा एकदम ताठ झाले. "पैसे नाई घेत का ते? पोट्ट्यांनी दिवसभर नाचाचं, अना वरून पाणी पेवाचं? तुह्या सरले सांगत काहून नाई तू?" ओरडले ते, त्यांच्याकडे जेवढा आवाज उरला होता तेवढ्याने, तोंड लाल करून, आईने हो जी, हो जी म्हणत त्यांचा हात धरला तरी थांबेनात, आणि मी त्यांच्या शेजारी बसून तो सगळा राग ऐकत राहिले.